ईमेलच्या अटॅचमेंटमधून येणारे व्हायरस आणि घरचा संगणक

गवाक्ष (धागाकर्ता)

बहुतेक घरांत एकच संगणक असतो. मुलांचा अभ्यास, नेटबँकिंग, आयकर विवरण आणि आईवडिलांची मेल, सगळं त्याच्यावरच. व्हायरसला आत शिरायला मेलची अटॅचमेंट ही अजूनही सोपी वाट आहे. 'अनोळखी माणसाची मेल उघडू नका' हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण तो पुरत नाही. मेल नुसती वाचल्याने सहसा काही होत नाही, घात होतो तो अटॅचमेंट चालवल्याने. शिवाय घातक मेल पुष्कळदा ओळखीच्याच पत्त्यावरून येते. इमोटेट हा ट्रोजन (साळसूद फाइलच्या रूपात शिरणारा घातक प्रोग्राम) तर चोरलेल्या मेलबॉक्समधल्या जुन्या पत्रव्यवहारालाच उत्तर म्हणून यायचा: विषय तोच, खाली तुमचाच मजकूर, सोबत एक वर्ड फाइल. अशी मेल पाहून ओळखा म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून संगणकच असा लावून ठेवू, की घरातल्या कुणी घाईत चुकीच्या फाइलवर डबल क्लिक केलं तरी ती चालू नये, आणि चालली तरी नुकसान आवाक्यात राहावं. विंडोज ११ धरून लिहितोय.

सुरुवात फाइलच्या एक्स्टेन्शनपासून, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांपासून. ४ मे २००० रोजी पसरलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसची फाइल होती 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. विंडोज ओळखीचं एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे शेवटचं '.व्हीबीएस' दिसलंच नाही आणि लोकांनी साधी टेक्स्ट फाइल समजून ती उघडली. आजही नव्या संगणकावर हे लपवणं चालूच असतं. फाइल एक्सप्लोरर उघडा, वर 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवर हा चौकोन थेट दिसतो. प्रत्येकाच्या यूजर अकाउंटमध्ये हे वेगवेगळं करावं लागतं.

मेलमधून आलेली फाइल .ईएक्सई, .एससीआर, .जेएस, .व्हीबीएस, .डब्ल्यूएसएफ, .एचटीए, .बॅट, .सीएमडी, .एमएसआय, .जार, .आयएसओ किंवा .आयएमजी असेल, तर पाठवणारा कुणीही असो, ती उघडायची नाही. घरगुती पत्रव्यवहारात यांतल्या एकाचंही काम पडत नाही. .जेएस तर जीमेलने फेब्रुवारी २०१७ पासूनच अडवलेली आहे. म्हणूनच अशा फाइली झिपमध्ये घालून किंवा लिंक देऊन पाठवल्या जातात.

कळफलक

गवाक्ष, चांगला विषय घेतलात. एक्स्टेन्शन दाखवायला सांगितलं तरी काही गोष्टी लपूनच राहतात, त्यांची भर घालतो.

पहिली म्हणजे .एलएनके, शॉर्टकट. वरची टिक केली तरी विंडोज हे एक्स्टेन्शन दाखवत नाही. झिपमधून 'इनव्हॉइस.पीडीएफ' नावाचा, पीडीएफचंच चित्र लावलेला शॉर्टकट निघतो. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात वाकडा बाण असेल तर थांबा. राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टार्गेट' ही ओळ वाचा. तिथे पॉवरशेल, एमएसएचटीए किंवा सीएमडी (विंडोजचे आज्ञा चालवणारे प्रोग्राम) असं काही दिसलं की तो पीडीएफ नव्हे, आज्ञा आहे. मेलमधून शॉर्टकट पाठवायला सरळ कारणच नसतं.

दुसरी म्हणजे मोकळ्या जागा. नावात '.पीडीएफ' नंतर पन्नास-साठ स्पेस आणि मग '.ईएक्सई'. रकाना अरुंद असला की शेपूट कापलं जातं. तिसरी युक्ती युनिकोडमधल्या उजवीकडून डावीकडे लिहिण्याच्या खुणेची. उर्दू-अरबीसाठी असलेली ही अदृश्य खूण नावात घातली की पुढची अक्षरं उलटी दिसतात आणि ईएक्सई फाइलचं नाव चक्क 'पीडीएफ'वर संपतं.

या तिन्हींवर एकच उपाय: डाउनलोड्स फोल्डर कायम 'डीटेल्स' व्ह्यूमध्ये ठेवा आणि 'टाइप' रकाना पाहा. नाव काहीही असो, तिथे 'अ‍ॅप्लिकेशन', 'शॉर्टकट', 'स्क्रीन सेव्हर', 'जावास्क्रिप्ट फाइल' असं खरं लिहिलेलं असतं.

आता डबल क्लिकचा दात काढायची युक्ती. डेस्कटॉपवर एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवा, नाव बदलून 'चाचणी.जेएस' करा. राइट क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर अ‍ॅप', नोटपॅड निवडा आणि 'ऑल्वेज' दाबा. हेच .जेएसई, .व्हीबीएस, .व्हीबीई, .डब्ल्यूएसएफ आणि .एचटीए साठी करा. यापुढे अशा फाइलवर कुणी डबल क्लिक केलं तर नोटपॅडमध्ये अगम्य मजकूर उघडेल, बाकी काही नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि घरगुती वापरात त्याने काहीही अडत नाही.

मर्यादाही लक्षात ठेवा. शॉर्टकटने स्क्रिप्ट (.जेएस, .व्हीबीएस सारखी आज्ञांची फाइल) चालवणारा प्रोग्राम थेट बोलावला तर नोटपॅड मध्ये येत नाही. आणि .ईएक्सई किंवा .बॅट ची जोडणी मात्र बदलायला जाऊ नका, विंडोजचंच काम बिघडेल.

सातबारा

स्क्रिप्टइतकाच मोठा भाग ऑफिसच्या फाइलींचा आहे. मॅक्रो म्हणजे फाइलमध्येच बसवलेल्या आज्ञा. मॅक्रो व्हायरस जुनाच: मार्च १९९९ मधला मेलिसा वर्डच्या फाइलमधून यायचा आणि आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. जुलै २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच अडवले जातात. वर लाल पट्टी येते आणि तिच्यावर मॅक्रो चालू करायचं बटणच नसतं.

हे कसं चालतं ते समजून घ्या, कारण तिथेच फट आहे. ब्राउझर किंवा मेल प्रोग्राम फाइल उतरवताना तिला 'झोन आयडेंटिफायर' नावाची अदृश्य चिठ्ठी जोडतो: ही बाहेरून आली. वर्ड ती चिठ्ठी पाहून फाइल 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, उघडतो आणि वर पिवळी पट्टी दाखवतो. ही चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच (विंडोजच्या आतल्या डिस्कची नेहमीची पद्धत) टिकते. बाजारातला पेनड्राइव्ह सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो, त्यावर फाइल कॉपी केली की चिठ्ठी गळते. म्हणजे सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात मेल उघडून पेनड्राइव्हवर आणलेली फाइल घरच्या संगणकाला स्थानिक वाटते. ना प्रोटेक्टेड व्ह्यूची पिवळी पट्टी, ना लाल. अशी फाइल स्वतःच्या मेलवर पाठवून घ्या आणि ब्राउझरमध्येच वाचा.

मेलमध्ये 'फाइल उघडत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करा' असं लिहिलेलं असेल, तर ती मेल फसवीच धरा. ती टिक म्हणजे ही चिठ्ठी फाडणं.

सेटिंग: वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर', 'ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज', 'मॅक्रो सेटिंग्ज', आणि 'डिसेबल ऑल मॅक्रोज विदाउट नोटिफिकेशन'. एक्सेलमध्ये वेगळं करावं लागतं. लिब्रेऑफिसमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'सिक्युरिटी', 'मॅक्रो सिक्युरिटी', तिथे 'व्हेरी हाय'.

आणि कळकळीने सांगायची गोष्ट: क्रॅक केलेलं जुनं ऑफिस काढून टाका. त्यातल्या इक्वेशन एडिटरमध्ये सीव्हीई-२०१७-११८८२ नावाची खोट आहे (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या खोटींना दिलेला नोंद क्रमांक). तिला मॅक्रो लागत नाही, 'एनेबल' लागत नाही, फाइल उघडली की पुरे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१७ मध्ये दुरुस्ती दिली आणि जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटरच काढून टाकला. पण अपडेट बंद करून ठेवलेल्या प्रतींत तो अजून बसलेला आहे, आणि त्यावर नेम धरलेल्या आरटीएफ आणि एक्सेल फाइली त्यानंतरही वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. घरच्या पत्रांना आणि हिशेबाला लिब्रेऑफिस पुरेसं आहे, फुकट आहे, मराठी युनिकोडही नीट चालतं.

शेवंती

आयकर आणि बँकेच्या कागदपत्रांबद्दल लिहिते. परदेशी लेखांत सरसकट सांगितलेलं असतं की पासवर्ड लावलेली अटॅचमेंट उघडूच नका. आपल्याकडे हा नियम पाळणं शक्य नाही. बँकेचं स्टेटमेंट, ई-आधार, आयकराची १४३(१) ची सूचना, सगळं पासवर्डबंद पीडीएफमध्येच येतं.

फरक असा ओळखा. खऱ्या कागदाचा पासवर्ड तुमच्याच माहितीतून बनतो आणि मेलमध्ये फक्त तो बनवायची रीत असते. ई-आधारला नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. १४३(१) ला लहान लिपीतला पॅन आणि पुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ अंकांत. उलट फसव्या मेलमध्ये पासवर्ड आयता लिहिलेला असतो, '१२३४' किंवा तसाच काही, आणि तो लावलेला असतो झिप किंवा रार फाइलला. त्याचं कारण सरळ आहे: पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत जीमेलच्या किंवा अँटीव्हायरसच्या तपासणीला डोकावता येत नाही. कुलूप तपासणीसाठी आणि किल्ली तुमच्यासाठी.

आयकराची नोटीस आली तर अटॅचमेंट उघडायची गरजच नाही. पत्ता स्वतः टाइप करून ई-फायलिंग पोर्टलवर जा, लॉगिन करा, 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स'मध्ये 'ई-प्रोसीडिंग्ज' पाहा. शिवाय १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डिन, असावा लागतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर लॉगिन न करता तो तपासता येतो. जुलैच्या अखेरीस, विवरणाच्या घाईत, घरातल्या ज्येष्ठांना एवढं एक नक्की सांगून ठेवा.

उंबरठा

शेवंतीताई, पासवर्डचा मुद्दा फार मोलाचा. त्याला एक पुरवणी: फक्त पीडीएफ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. हल्लीच्या फसव्या पीडीएफमध्ये व्हायरस सहसा नसतो. धूसर केलेलं बिल आणि वर 'व्ह्यू डॉक्युमेंट' असं बटण असतं, आणि ते बटण झिप उतरवतं. पीडीएफ क्रोम किंवा एजमध्येच उघडा. अ‍ॅक्रोबॅट लागतच असेल तर 'प्रेफरन्सेस'मध्ये 'जावास्क्रिप्ट' बंद करा आणि 'ट्रस्ट मॅनेजर'मधली, पीडीएफमधल्या इतर फाइली बाहेरच्या प्रोग्रामने उघडू देण्याची टिक काढा. .एचटीएमएल आणि .एसव्हीजी अटॅचमेंट दिसली तर ती बँकेच्या किंवा मेलच्या लॉगिनचं बनावट पान असण्याचीच शक्यता जास्त. एसव्हीजी हे नावाला चित्र, पण त्यात स्क्रिप्ट बसते.

झिप उघडायच्या प्रोग्रामांकडे कुणाचं लक्ष नसतं. विनरार आपण होऊन अपडेट होत नाही. सीव्हीई-२०२३-३८८३१ ही त्यातली खोट ६.२३ आवृत्तीत दुरुस्त झाली. त्याआधीच्या विनरारमध्ये संग्रहातल्या निरुपद्रवी चित्रावर डबल क्लिक केलं की त्याच नावाच्या फोल्डरमधली स्क्रिप्ट चालायची. पुढे २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-८०८८ निघाली, ती ७.१३ मध्ये दुरुस्त झाली. 'हेल्प', 'अबाउट' मध्ये आवृत्ती पाहा. ७.१३ च्या खालची असेल तर नवी चढवा नाहीतर काढूनच टाका.

सेव्हन-झिप वापरणाऱ्यांनी २४.०९ किंवा पुढची आवृत्ती घ्यावी आणि 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'सेव्हन-झिप' टॅबमध्ये 'प्रॉपगेट झोन आयडी स्ट्रीम' हे 'येस' करावं. ते मुळात बंद असतं. म्हणजे सातबाराजींनी सांगितलेली चिठ्ठी झिपवर असते, आतून निघालेल्या वर्ड फाइलवर नसते. ही एक सेटिंग चुकली की मॅक्रोची सगळी तटबंदी फुकट जाते.

पाणपोई

एवढं सगळं करण्यापेक्षा चांगला अँटीव्हायरस विकत घेतला तर? पुण्याचं क्विक हील बऱ्याच घरांत आहेच. शिवाय विंडोजसोबतच येणारा डिफेंडर. दोन्ही चालू ठेवले तर दुप्पट सुरक्षा नाही का मिळणार?

कळफलक

पाणपोई, दुप्पट मिळत नाही. दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडरची तात्काळ तपासणी आपोआप बंद होते, आणि तेच योग्य आहे. दोघांनी एकाच फाइलला एकाच वेळी हात घातला की संगणक अडखळतो. एकच ठेवा, पण चालू आणि ताजा ठेवा. विकतच्या अँटीव्हायरसची मुदत संपली आणि नूतनीकरण केलं नाही, तर तो काढूनच टाका, म्हणजे डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच पडून राहणं ही घराघरांतली स्थिती आहे आणि ती सर्वांत वाईट.

डिफेंडर वापरत असाल तर 'विंडोज सिक्युरिटी', 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज' इथे रिअल-टाइम, क्लाउड-डिलिव्हर्ड आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही चालू हवीत. अँटीव्हायरस जागा आहे का ते पाहायचं तर आयकार संस्थेच्या संकेतस्थळावर ६८ बाइटची चाचणी फाइल मिळते. ती निरुपद्रवी आहे आणि उतरवताच पकडली गेली पाहिजे.

पण अँटीव्हायरस ही शेवटची जाळी समजा. आज सकाळी बनवलेला नमुना दुपारी ओळखला जाईल, आणि मेल सकाळीच उघडली जाते.

गवाक्ष

कळफलकशी सहमत. आता यूजर अकाउंट. रोजचं काम अ‍ॅडमिन खात्यातून (संगणकात काहीही बदलायचा हक्क असलेल्या) करू नका. क्रम महत्त्वाचा आहे: आधी 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'अदर यूजर्स', 'अ‍ॅड अकाउंट' इथून नवं खातं बनवून त्याला अ‍ॅडमिन करा, त्याचा पासवर्ड लिहून ठेवा, त्यात एकदा लॉगिन होऊन खात्री करा, आणि तिथूनच जुनं रोजचं खातं 'स्टँडर्ड यूजर' करा. म्हणजे फाइली, वॉलपेपर, ब्राउझर सगळं जागच्या जागी राहतं. यानंतर बिल उघडताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला गेला, तर तीच धोक्याची घंटा.

रॅन्समवेअरला, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला, मात्र अ‍ॅडमिन हक्क लागतातच असं नाही. तुमच्या फाइली तुम्ही बदलू शकता, म्हणजे तुमच्या नावाने चाललेला प्रोग्रामही बदलू शकतो. त्यासाठी 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू करा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज वगैरे फोल्डर त्यात आधीपासून असतात. डी ड्राइव्हवरचा फोटोंचा फोल्डर नसतो, तो 'प्रोटेक्टेड फोल्डर्स'मध्ये हाताने घाला.

सातबारा

याबाबतीत थोडं वेगळं मत. कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू केलं की स्कॅनरचं सॉफ्टवेअर, जुने डीटीपी प्रोग्राम, काही खेळ यांना फाइल जतन करता येत नाही, आणि चूक दाखवली जाते 'फाइल सापडत नाही' अशी. घरातल्यांना कारण कळत नाही, ते कंटाळून सगळंच बंद करतात. चालू करायचं तर पहिला आठवडा स्वतः लक्ष ठेवा: 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप', 'रिसेंटली ब्लॉक्ड अ‍ॅप्स' या यादीतून ओळखीचे प्रोग्राम एकेक करून सोडा. आणि ही सोय डिफेंडर हाच मुख्य अँटीव्हायरस असेल तरच चालते.

मी बॅकअपवर जास्त भर देईन. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, कॉपी करा, आणि काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर पहिल्या फेरीतच कुलूपबंद करतो. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक हा बॅकअप नव्हे, बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने वर जाते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण त्यावर लग्नाचे फोटो सोडू नयेत. तीन महिन्यांतून एकदा डिस्कवरची एखादी फाइल उघडून पाहा. कॉपी झाली असं समजणं वेगळं आणि उघडणं वेगळं.

शेवंती

उघडलीच गेली तर काय करायचं, क्रमाने कुणी सांगेल का? घाबरलेल्या माणसाला वाचता येईल असं हवं.

कळफलक

शेवंतीताई, क्रम असा.

वायफाय बंद, केबल असेल तर उपटा. मग संगणक बाजूला ठेवून फोन हातात घ्या, मोबाइल डेटावर. पहिला पासवर्ड मेलचा बदला, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. गूगल खात्यात 'सिक्युरिटी', 'युअर डिव्हायसेस' इथून त्या संगणकाला साइन आउट करा. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम ब्राउझरच्या कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या खुणा) उचलतात, आणि चालू कुकी असली की ओटीपीही लागत नाही. मग जीमेलच्या 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग'मध्ये तुम्ही न घातलेला नियम नाही ना ते पाहा. बँकेच्या मेल परस्पर डिलीट करणारा फिल्टर लावून ठेवणं ही नेहमीची चाल आहे. त्यानंतर बँकेचे पासवर्ड. पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन) फोन आणि बँकेला कळवणं, बाकी सगळं नंतर. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आता संगणक. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स', 'ऑफलाइन स्कॅन'. संगणक बंद होऊन सुरू होतो आणि साधारण पंधरा मिनिटं विंडोज चालू न करता तपासणी होते. निकाल 'प्रोटेक्शन हिस्टरी'त. काहीच सापडलं नाही तरी पासवर्ड बदलणं टाळू नका: असे चोर काही मिनिटांत माल पाठवून स्वतःला पुसून टाकतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्र या संकेतस्थळावर फुकट सफाईची साधनं आहेत, तीही चालवा. शंका उरलीच तर दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेऊन कोरी स्थापना करा. प्रोग्राम नव्याने उतरवा, बॅकअपमधून फक्त कागदपत्रं आणि फोटो आणा.

फाइलींना कुलूप लागलं असेल तर त्या डिलीट करू नका. 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोल आणि डच पोलिसांचा २०१६ पासूनचा उपक्रम आहे. काही जातींच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात, कधी वर्षभराने सुद्धा.

उंबरठा

संशयास्पद फाइल व्हायरसटोटलवर (अनेक अँटीव्हायरसकडून फाइल तपासून देणारं संकेतस्थळ) चढवणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे चढवलेली फाइल पैसे भरणाऱ्या सदस्यांना उतरवून घेता येते. पगारपत्रक, आधार, वैद्यकीय अहवाल तिथे टाकू नका.

पाणपोई

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. एक विचारायचं राहिलं. विंडोज १० वरच राहायचं असेल तर? संगणक ११ साठी चालत नाही.

गवाक्ष

विंडोज १० च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत ठेवली आहे. आवृत्ती २२एच२ असावी लागते. 'सेटिंग्ज', 'अपडेट अँड सिक्युरिटी', 'विंडोज अपडेट' इथे 'एनरोल नाऊ' दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ लाच ऑफिस २०१६ आणि २०१९ च्याही दुरुस्त्या थांबल्या, त्यामुळे ते वापरत असाल तर सातबारांनी सांगितल्याप्रमाणे लिब्रेऑफिस चढवा. मुदतीनंतर त्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येईल. विंडोजच्या .ईएक्सई आणि .एलएनके तिथे डबल क्लिकने चालत नाहीत. छपाई आणि मराठी टायपिंग आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा, मग बसवा.